पाण्यातला दिवा बिघडणारच, असं धरून चला

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या सोसायटीच्या कमिटीला हुक्की आली की पोडियमवरच्या (पार्किंगच्या छतावरच्या) पूलला जरा रंगत आणायची. पूल तसा चांगला, पण संध्याकाळी सात वाजले की पाणी काळंकुट्ट. भोवती खांबांवर दोन पांढरेफटक फ्लडलाइट, तेही थेट डोळ्यांत घुसणारे. कॉंट्रॅक्टर आला, त्याने टॅबवर फोटो दाखवले. निळंजांभळं पाणी, कारंज्यात लाल-हिरवे झोत, झाडांवर खालून उजेड. १४ दिव्यांचं कोटेशन. मी एवढंच विचारलं, “यातल्या एखाद्या दिव्यात पाणी शिरलं तर पुढे काय होईल?”

तो हसला. “सर, आयपी ६८ आहे. पाणी शिरणारच नाही.”

कमिटीतल्या काकूंना ते पटलं. मला नाही पटलं, कारण विजेच्या देखभालीत उभी हयात गेली आणि ‘शिरणारच नाही’ म्हणून बसवलेल्या कितीतरी डब्यांतून मी पाणी ओतून काढलंय. मुंबईत तर चार महिने पाऊस, बाराही महिने खारी हवा, वायर कुरतडणारे उंदीर आणि माळीदादांचं फावडं. यातल्या कुणा ना कुणाच्या हातून दिव्याचा किंवा वायरचा अंत ठरलेलाच. म्हणून पूल असो, बागेतलं कारंजं असो की बाल्कनीतलं कमळाचं कुंड, दिव्यांचा आराखडा रंगापासून सुरू करायचा नसतो. दिवा बिघडला आहे, वायर सोलली गेली आहे आणि त्याच क्षणी पाण्यात एक मूल आहे, असं डोळ्यांसमोर आणायचं. त्या मुलाला काहीही होता कामा नये. तो बंदोबस्त झाला, की रंगांचं बघू.

ओल्या अंगाचं गणित

घरात कोरड्या हाताने, पायात चप्पल असताना चुकून शॉक लागला तर बहुतेक वेळा झटका बसतो आणि आपण हात मागे ओढतो. कोरड्या कातडीचा विरोध हजारो ओहमचा असतो, तो आपल्याला वाचवतो. अंग भिजलं की तोच विरोध हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरला स्नायू आखडायला लागतात, पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तीस-चाळीसच्या पुढचा करंट काही क्षण छातीतून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. २३० हा आकडा कुठे बसतो ते सांगायला नको.

पाण्यात आणखी एक घात आहे. जमिनीवर स्नायू आखडले तर माणूस पडतो. पाण्यात आखडले तर हातपाय हलत नाहीत आणि पोहणारा माणूस आवाजसुद्धा न करता बुडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पेटका आला असेल. त्याने विजेच्या तारेला हात लावलेला असायचीही गरज नाही. खराब दिव्यातून पाण्यात करंट झिरपत असेल तर दिव्याजवळ व्होल्टेज जास्त, लांब कमी, असा उतार पाण्यात तयार होतो आणि माणसाचं शरीर त्या उतारावर आडवं पसरलेलं असतं. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हा धोका जास्त, हे ऐकून लोक चकित होतात. खारं पाणी शरीराइतकंच, किंबहुना जास्त चांगलं वाहक असल्याने करंट शरीराला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात मात्र सगळ्यांत सोपी वाट आपल्याच अंगातून असते.

“पण एमसीबी आहे ना!” हे वाक्य मी प्रत्येक सोसायटीत ऐकलंय. एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरपर्यंत निवांत असतो. ०.२३ अँपिअरला तो ढिम्म हलणार नाही. माणसाला वाचवणारं यंत्र म्हणजे आरसीसीबी, ज्याला बरेच वायरमन अजून सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढाच हिशेब तो करत बसतो. तफावत आली, म्हणजे मधला करंट कुठूनतरी जमिनीत चाललाय, कदाचित कुणाच्या अंगातून. लगेच तोडतो. पूल, कारंजं आणि बागेच्या सर्किटवर तो ३० मिलिअँपिअरचाच हवा. बाजारात १०० आणि ३०० चेही मिळतात, पण ते आग लागू नये म्हणून. विकत घेताना डबीवर ‘टाइप ए’ लिहिलंय का तेही बघा. एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज करून देणारे डबे, यांच्या गळतीची लहर तुटक असते, ती साध्या ‘टाइप एसी’ला नीट ओळखू येत नाही.

आता मुंबईतला खरा प्रश्न. जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की हा आरसीसीबी ट्रिप व्हायला लागतो. एकदा, दोनदा, दहादा. बागेत अंधार, लोकांच्या तक्रारी. मग कुणीतरी वायरमनला बोलावतं आणि तो दहा मिनिटांत ‘प्रॉब्लेम सोडवतो’, म्हणजे आरसीसीबी बायपास करतो. दिवे लागतात, सगळे खूश. मला विचाराल तर अख्ख्या बागेतली सगळ्यांत घातक गोष्ट हीच. वारंवार ट्रिप होणारा आरसीसीबी कटकट्या नसतो. कुठेतरी पाणी शिरलंय, हे तो ओरडून सांगत असतो. एकेक दिवा सुटा करून गळती शोधायची, तोवर बाग अंधारात राहिली तरी चालेल. हा त्रास कमी करायचा तर आधीच बागेचे, पूलचे आणि कारंज्याच्या पंपाचे वेगवेगळे आरसीसीबी ठेवावेत. मग एका खराब दिव्यापायी सगळी बाग अंधारात जात नाही आणि बायपासचा मोहही होत नाही.

बारा व्होल्टचं व्रत

आरसीसीबी ही शेवटची भिंत. त्याआधीची भिंत अशी की जिथे माणूस पोहणार तिथे २३० व्होल्ट जाऊच द्यायचे नाहीत. पूलच्या विद्युत सुरक्षेबद्दल आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात स्वतंत्र भाग आहे. पोहण्याच्या पाण्यातल्या दिव्याला एसी असेल तर १२ व्होल्ट आणि डीसी असेल तर ३० व्होल्ट, यापुढे जायचं नाही, असं त्याचं सांगणं आहे. डीसीला जास्त सवलत, कारण तेवढ्याच व्होल्टेजला आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या एसीपेक्षा डीसी हृदयाला कमी त्रास देतो.

पण नुसते १२ व्होल्ट पुरत नाहीत, आणि फसवणूक इथेच होते. ते १२ व्होल्ट कुठून येतात हे महत्त्वाचं. सुरक्षित आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरमध्ये २३० व्होल्टची गुंडाळी आणि १२ व्होल्टची गुंडाळी एकमेकींपासून पूर्ण विलग असतात. मधला संबंध फक्त चुंबकीय. त्यामुळे १२ व्होल्टची एक तार पाण्याला लागली तरी करंटला परतीची वाट मिळत नाही. उलट स्वस्तातल्या काही एलईडी ड्रायव्हरमध्ये आत असा अलगपणाच नसतो. मीटर लावला तर दोन तारांमध्ये १२ दिसतील, पण त्यातली एक तार जमिनीच्या हिशेबात २३० वर असू शकते. म्हणून दुकानदाराला ‘१२ व्होल्टचा अडॅप्टर द्या’ असं सांगू नका. आयईसी ६१५५८-२-६ या मानकाचा सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर मागा आणि तो शिक्का स्वतः वाचा. एलईडी ड्रायव्हरच लावायचा असेल तर त्यावर ‘एसईएलव्ही’ (म्हणजे २३० पासून विलग केलेलं सुरक्षित कमी व्होल्टेज) लिहिलेलं असलं पाहिजे. आणखी एक. या १२ व्होल्टच्या बाजूला अर्थिंग जोडायचं नसतं. चांगले चांगले वायरमन सवयीने जोडतात आणि मेहनतीने मिळवलेला अलगपणा घालवून बसतात.

बारा व्होल्टची किंमत मात्र मोजावी लागते, तांब्यात. समजा पूलमधल्या दिव्यांना मिळून १०० वॅट लागतात. १२ व्होल्टला म्हणजे ८ अँपिअरहून जास्त करंट. ट्रान्सफॉर्मर ३० मीटरवर पंप रूममध्ये. जायची आणि यायची तार मिळून ६० मीटर. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम, म्हणजे ६० मीटरला ०.४५. गुणाकार केला की जवळजवळ पावणेचार व्होल्ट वाटेतच खपतात. दिव्यापर्यंत पोचतात सव्वाआठ. एलईडी मंद जळतो किंवा लुकलुकतो. मग वायरमन सुचवतो, “साहेब, व्होल्टेज थोडं वाढवूया?” नाही वाढवायचं. ट्रान्सफॉर्मर जवळ आणा, तार जाड करा, प्रत्येक दिव्याला वेगळी तार द्या, नाहीतर २४ व्होल्ट डीसीचे दिवे घ्या, ते मर्यादेत बसतात. आमच्याकडे शेवटी हेच केलं.

ट्रान्सफॉर्मर जवळ म्हणजे किती जवळ? पाण्याच्या कडेपासून २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट, आणि वर अडीच मीटरपर्यंतचा पट्टा हा पहिला भाग. तिथे प्लग-सॉकेट, स्विचबोर्ड, २३० चा दिवा, काही नको. त्यापुढचा दीड मीटर हा दुसरा भाग. तिथे सॉकेट चालतो, पण ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणाखालीच. ट्रान्सफॉर्मर या दोन्हींच्या पलीकडे, साधारण साडेअकरा फुटांच्या बाहेर ठेवला की वाद मिटतो. आपल्याकडे पूलच्या कडेला खांबावर म्युझिक सिस्टिमसाठी सॉकेट दिलेला हमखास सापडतो. तो काढून टाका, उगाच ‘झाकण आहे’ म्हणून ठेवू नका.

उंचीचंही बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती तळघरं भरली ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. पंप रूम तळघरात असेल तर पॅनल आणि ट्रान्सफॉर्मर निदान छातीच्या उंचीवर हवेत.

आयपी ६८ आणि टेपचा जॉइंट

आयपीनंतरच्या दोन आकड्यांतला पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. ५ म्हणजे पाइपाने फवारा मारला तरी चालेल. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे कायम पाण्याखाली, पण किती खोल ते कंपनी ठरवते, म्हणून तेही वाचायचं. झाडाखाली आणि पायवाटेवर ६५ पुरे. जिथे पाणी तुंबतं तिथे ६७. पाण्यात ६८ च.

कॉंट्रॅक्टर म्हणाला ते खोटं नव्हतं, दिवा खरंच आयपी ६८ होता. पण दिव्याला कारखान्यातून दोन मीटरची वायर येते आणि तिच्या टोकाला वायरमन जो जॉइंट करतो त्याला कुठलाही आयपी नसतो. काळी टेप गुंडाळलेला तो जॉइंट एका पावसात पाणी पितो. पाणी मग केशाकर्षणाने तारांच्या धाग्यांमधून चढत चढत दिव्याच्या पोटात जातं. वर दिवा तापतो आणि निवतो. निवताना आतली हवा आकसते आणि बाहेरची ओल आत ओढते. जॉइंट पाण्यात करायचाच नाही. दिव्याची वायर अखंड वर डेकवरच्या डब्यापर्यंत आणायची, तो डबा जेल किंवा रेझिनने भरायचा आणि तोंडाला केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच, नीट आवळायचं. दिव्याजवळ वायरची दोन-तीन वेटोळी जास्तीची ठेवली की पुढे पूल रिकामा न करता दिवा वर काढून दुरुस्त करता येतो. हे न केल्यामुळे हजारो लिटर पाणी गटारात सोडलेलं मी पाहिलंय, तेही मे महिन्यात, पाणीकपात चालू असताना.

धातू घ्यायचा तर स्टेनलेस स्टील ३१६. ३०४ दिसायला तसंच, पण क्लोरीन आणि वरळी-वर्सोव्याकडची खारी हवा त्याला दोन वर्षांत गंजाचे ठिपके आणते.

आणि तयार पोडियमवरच्या पूलच्या भिंतीत नवीन दिव्यासाठी खोबण फोडायला कुणालाही परवानगी देऊ नका. खाली गाड्यांचं पार्किंग असतं. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की पुढची दहा वर्षं कमिटीच्या सभेत दुसरा विषय निघत नाही. भिंतीवरच बसणारे चपटे एलईडी मिळतात, त्यांना वायरीपुरतं एक भोक लागतं.

बाँडिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. पूलची शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी, डेकखालच्या सळ्या, हे सगळं धातूचं सामान एकमेकांना तांब्याच्या तारेने जोडून अर्थिंगला बांधतात. कुठूनतरी करंट आलाच तर सगळे एकाच पातळीवर राहतात. एक हात शिडीला आणि अंग पाण्यात, अशा माणसाला मग दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज मिळतं आणि अंगातून वाहायला काही उरत नाही. तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक लागत नाही, त्यातलाच प्रकार. शिडी बदलली, की ही तार परत जोडली का, ते बघायचं. नव्याण्णव टक्के वेळा ती लोंबत असते.

आता उजेड

फ्लडलाइटखाली पूल काळा का दिसतो? पाण्यावर सरळ वरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के परावर्तित होतो. पण तोच उजेड अगदी तिरपा, उभ्या रेषेपासून ८० अंशांत आला तर एक तृतीयांश परत उसळतो. लांबच्या खांबावरचा दिवा असाच तिरपा पडतो, पाण्याचा आरसा होतो आणि लाइफगार्डला आरशात दिवा दिसतो, तळ दिसत नाही. म्हणजे भरपूर उजेड असूनही बुडणारा माणूस दिसायचा नाही. दिवा पाण्याच्या आत ठेवला की उलटं होतं. आतून वर जाणारा किरण उभ्या रेषेपासून साधारण ४९ अंशांपेक्षा जास्त कलला असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही, परत पाण्यात वळतो. भिंतीतले आडवे दिवे अख्खा पूल उजळतात आणि डोळ्यांत जात नाहीत, ते म्हणूनच. दिव्यांचं तोंड मात्र बसायच्या जागेकडे नको, तिच्या विरुद्ध दिशेला हवं.

पुरेसा उजेड झाला का हे बघायची माझी पद्धत सोपी आहे. वीतभर रुंदीची काळी थाळी सगळ्यांत खोल जागी टाकायची आणि रात्री लाइफगार्डच्या खुर्चीत बसून बघायचं. दिसली नाही तर पूल रात्री बंद. निळा-जांभळा उजेड फोटोत छान दिसतो, पण त्यात ही थाळी हरवते, मी करून बघितलंय. पार्टीच्या रात्री पोहणं बंद ठेवून हवे ते रंग लावा.

डेकवर उलट थोडाच उजेड हवा, पण नेमका: पायरीची कड, पूलची कड, खोली लिहिलेली फरशी. गुडघ्याच्या उंचीचे, खाली बघणारे, २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे. पांढऱ्या-निळ्या उजेडाकडे किडे जास्त येतात. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर कसे तुटून पडतात ते मुंबईकराला ठाऊक आहे. सकाळी फिल्टरमध्ये पंखांचा लगदा निघतो. कुंडात मासे असतील तर त्यांनाही रात्र लागते. दहाला टायमरने दिवे बंद करा.

बाल्कनीतल्या छोट्या कुंडाचं लोकांना काहीच वाटत नाही, आणि माझी खरी काळजी तीच. त्यातला १५-२० वॅटचा पिटुकला पंप बहुतेकदा थेट २३० व्होल्टवर चालतो. पाण्यात बुडालेलं २३० व्होल्टचं यंत्र, आणि आजी त्यात हात घालून माशांना खाऊ घालतात. हात घालायच्या आधी प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून भागत नाही. जुन्या चाळींत आणि इमारतींत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असल्याचं मी कैकदा पाहिलंय. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन मोडू नका. वायरीला सॉकेटच्या आधी खाली एक झोका द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथेच ठिबकेल. नुसता उजेडच हवा असेल तर बॅटरीवर चालणारे, पाण्यावर तरंगणारे दिवे घ्या, त्यात भीती नाही. फक्त चार्जिंगला लावलेला दिवा पाण्यात टाकू नका.

सणांचं वेगळं सांगावं लागतं. गणपतीत विसर्जनाच्या कृत्रिम तलावाभोवती बांबूला बांधलेले फ्लडलाइट, दिवाळीत पूलच्या रेलिंगला गुंडाळलेल्या माळा. या माळांची तार केसासारखी, वरचं प्लास्टिक नखाने निघतं, आणि रेलिंग स्टीलचं. माळा झाडांवर आणि भिंतींवर लावा, ओला हात पोचेल तिथे कधीच नाही. विसर्जनाच्या मांडवात जनरेटर असेल तर त्यावरही आरसीसीबी हवा, आणि तो त्याच दिवशी दाबून बघितलेला हवा.

काम लायसन्स असलेल्या विद्युत कॉंट्रॅक्टरकडूनच घ्या, तसा नियमच आहे. वीज बेस्टची असो, अदानीची, टाटांची किंवा भांडुप-मुलुंडकडे महावितरणची, मीटरच्या अलीकडची वायरिंग आपली आणि जबाबदारीही आपलीच. बिलासोबत इन्सुलेशनचे आणि आरसीसीबी किती वेळात तुटला त्याचे आकडे लेखी मागा. ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत तो तुटायला हवा.

आमच्याकडे शेवटी १४ ऐवजी ६ दिवे बसले, सगळे २४ व्होल्ट डीसी. काकू अजून म्हणतात, जांभळा रंग छान दिसला असता. पूलच्या फाटकाबाहेर, पाण्यापासून लांब, कोरड्या भिंतीवर एक लाल बटण बसवलं. ते दाबलं की पूल, पंप, कारंजं, सगळं बंद. रात्रपाळीच्या वॉचमनदादांना उभं करून शिकवलंय: पाण्यात कुणी अचानक ताठ झालं, कुणाला मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर उडी मारायची नाही. आधी लाल बटण, मग कोरडा प्लास्टिकचा पाइप किंवा ट्यूब टाकून माणसाला कडेला ओढायचं, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. श्वास नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहायची. दर महिन्याच्या १ तारखेला ते आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबतात आणि वहीत सही करतात. जुलैत एकदा बटण दाबूनही तो पडला नाही. दुसरा आणून लावेपर्यंत पूल दोन दिवस बंद ठेवला, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हायचं ते सगळं भांडण झालं.